पायाळूचा पाय

मालनबाई आईच्या पोटातून पायांकडून आली, म्हणून पायाळू. पायाळूचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आष्टीकडच्या वाड्यावस्त्यांवर आजही मानतात. त्यामुळे सकाळी तिच्या दारात कुणी ना कुणी कंबर धरून उभं असायचंच. दुखणेकरी उंबऱ्याजवळ पालथा पडायचा, ती तीनदा त्याच्या कंबरेला पाय लावायची आणि लगेच वाकून हात जोडायची. माणसाला पाय लावल्याचा दोष राहू नये म्हणून.

तिची स्वतःची कंबर मात्र वर्षानुवर्षं दुखत होती, आणि पायाळूला आपला पाय आपल्या कंबरेला लावता येत नाही.

पहिल्यांदा दुखली तेव्हा ती पंचविशीत होती. दरवर्षी ऊसतोडीला जायची. तिथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा भारत ऊस तोडायचा आणि ती मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. टोळीचा मुकादम बद्रीनाथ म्हणाला होता, "वयनी, कंबर न्हाई ती. पिशवीचं दुखनं हाय. काढून टाका, पाळीची कटकट बी जाईल." ओळखीच्या डॉक्टरकडे आपल्या जीपमधून नेलंही त्यानंच. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. बाई डोक्यावर काय वाहते, हे विचारलं नाही. गर्भाशय गेलं. कंबर दुखायची ती दुखतच राहिली.

यंदा नगरला मोठा फोटो काढला, तर मणक्यात गॅप निघाला. तिथल्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. संध्याकाळी बद्रीनाथ ओट्यावर येऊन बसला. "उरकून घ्या की," तो भारतला म्हणाला, "म्हंजे निम्म्या हंगामाला तरी वयनी उभ्या ऱ्हातील."

"येकदा कमरेच्या नावानं पोट कापलं माझं," मालनबाई आतून ओरडली. "आता चाकू न्हाई."

मग तिनं बिनचाकूचा इलाज शोधायला घेतला. तलवाड्याच्या एका हाडवैद्यानं असं रगडलं की दोन दिवस तिला बसता आलं नाही. मांजरसुंब्याला एसटीची वाट बघताना घेतलेला पट्टा महिन्यात ढिला पडला. शेवटी बीडच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि आधी विचारलं, "दिवसभर काय काय काम करता, मावशी?" इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मालनबाईला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. मॅडमनी पायातली ताकद तपासली, डॉक्टरांना फोटो दाखवून आणला आणि सांगितलं की सध्या ऑपरेशनची गरज नाही. रोज व्यायाम करायचा, चालायचं आणि यंदाचा हंगाम डोक्यावर मोळी घ्यायची नाही.

व्यायामाला भारत "बरं" म्हणाला. मोळीचं नाव निघालं की खाली बघायचा. बायकोशिवाय गेलेला गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि बद्रीनाथ अर्धा कोयता नेत नसे.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी बद्रीनाथच दारात आला. जीपमधून उतरताना त्याची कंबर धरली होती. भारतनं त्याला धरून आणला आणि उंबऱ्याजवळ पालथा निजवला. समोरच्या नळावर शेजारची भामाबाई हंडा भरत होती.

"पाय लावा, वयनी. जीव चाललाय."

मालनबाईनं चौकटीला धरून पाय उचलला. "कवाधरनं दुखतंय?"

"लई दिवस झाले. डॉक्टर तर आपरेशन कर म्हनतोय."

"मग केलं कावून न्हाई?"

बद्रीनाथ मातीत तोंड असतानाच हसला. "येडा हाय का मी? कमरेला चाकू लागला की मानूस कामातनं जातो. आपल्या पायानं कुनी जातं का कापून घ्यायला?"

मालनबाईनं पाय खाली घेतला.

"काय झालं? लावा की."

"मला कुनी नेलतं?"

"वयनी, ती गोष्ट येगळी."

"माझी कंबर हुती. तुमची बी कंबरच हाय. येगळं काय, तेवढं सांगा."

"आता बाईमानसाचं म्हंजे..."

"म्हंजे काय, मुकादम?" भामाबाईनं नळ बंद केला. "मोठ्यानं बोला. मला बी तुमीच नेलतं."

भारत पुढं झाला. "लाव गं पाय. मोठं मानूस पडलंय दारात."

"त्या दिवशी जीपमधी पुढच्या शिटावर तुमी बसलेते," मालनबाई म्हणाली. "गप ऱ्हावा."

भारत मागं सरकला.

"यंदा मी मोळी उचलनार न्हाई," ती बद्रीनाथच्या पाठीकडे बघत म्हणाली. "मालक एकटे येतील. अर्धा कोयता चालंल म्हना. भामाबाईला ऐकू जाईल असं म्हना."

"अर्धा कोयता कुनी नेतं का, बाई?"

"मग उठा अन् जावा."

त्यानं कोपर टेकून छाती वर उचलली, बोंबलला आणि पुन्हा आडवा झाला.

"हां, असंच," मालनबाई म्हणाली. "मॅडमनं मला ह्योच व्यायाम दिलाय. मान खाली नका टाकू. अजून करा."

भामाबाई पदर तोंडाला लावून हसली. "करा की, मुकादम! पिशवी तर न्हाई ना काढायला लावली?"

बद्रीनाथनं आणखी एकदा उठून पाहिलं. जमलं नाही.

"चालंल," तो मातीत पुटपुटला.

"काय चालंल?"

"अर्धा कोयता! चालंल म्हनलं ना!"

"ऐकलं गं, भामाबाई?"

"ऐकलं. बाजाराला सगळ्या आष्टीत सांगते."

मग मालनबाईनं पाय उचलला आणि टाचेनं त्याच्या कंबरेला लावला. एकदाच.

"तीनदा लावत्यात," बद्रीनाथ कण्हला.

"अर्ध्या कोयत्याला एवढाच पाय."

ती वळून घरात गेली आणि पोत्यावर पालथी पडून कोपर टेकू लागली. भारत बद्रीनाथला जीपमध्ये बसवून आला आणि दारातच घुटमळला.

"हात जोडायचे राह्यले तुझे," तो हळूच म्हणाला.

"राह्यले न्हाईत," मालनबाई छाती उचलत म्हणाली. "जोडले न्हाईत."