साक्षीदाराची जीभ

सीडर बे या खाडीच्या धक्क्यावर खिएमच्या जिभेला मान होता. चाळीस वर्षं तो रोज सकाळी होडी सोडताना पाण्यात बोट बुडवून चाखायचा आणि हजार भागांत मीठ किती ते सांगायचा. तो सोळा म्हणाला की सोळा. मग बाकीचे कालवंवाले आज कुठल्या खडकावर जायचं ते ठरवायचे. एकदा सरकारी मीटरने सतरा दाखवले, तेव्हा लोकांनी मीटरच्या बॅटऱ्या बदलल्या.

अडचण एवढीच होती, की दोन वर्षांपूर्वी त्याची बायको लान वारली. तिला पुरून घरी आल्यावर खिएमने भाताचा पहिला घास घेतला आणि त्याला कशाचीच चव लागली नाही. फिश सॉस ओतला, तरी नाही. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, उत्तम आहे म्हणाले आणि आत घालायला सांगितली. खिएमने हे कुणालाच सांगितलं नाही, मुलगी दिएपलाही नाही. त्याने ह्यूस्टनहून बोटभर लांबीची एक नळी आणली. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून डोळ्याला लावली की खारटपणाचा आकडा दिसायचा. नळी गमबुटात असायची. आधी तो वल्हं शोधायच्या निमित्ताने वाकून आकडा बघायचा, मग सगळ्यांदेखत बोट चाखायचा.

बायको गेल्याचं त्याला दुःख झालं असणार, असं लोक म्हणायचे. त्यालाही तसं वाटायचं.

कालवांसाठी पाण्याखालची चाळीस एकर जागा त्याने राज्याकडून भाडेपट्ट्याने घेतली होती. चारी बाजूंना खांब रोवले होते. पहिल्या खांबापासून दोनशे दहा फुटांवर तेल कंपनीचा पाइप होता. विहिरीतून तेलाबरोबर जे खारट, ओशट पाणी वर यायचं, ते टाक्यांत थोडं निवळून पाइपातून खाडीत सुटायचं. नियमाप्रमाणे पाइपाच्या तोंडापासून दोनशे फुटांपर्यंत पाण्याला घाण राहायची मुभा होती. तिथून पुढे त्याने स्वच्छ व्हायचं. पाण्याला हे कुणी कळवलं होतं का, याची नोंद नव्हती.

त्या वसंतात व्यापाऱ्याने खिएमची पोती तीनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, हे लोकांना खायला घालू, की ट्रकच्या टाकीत ओतू?"

पाइपाचा परवाना दर पाच वर्षांनी नव्याने व्हायचा, आणि आता ती वेळ आली होती. तो नाकारला गेला, तर एक-दोन हंगामांत खडक धुऊन निघाला असता. मिळाला, तर खिएमला पट्टा सोडावा लागणार होता. सुनावणी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ठेवली. कालवंवाल्यांनी साक्षीदारांच्या यादीत एकच नाव दिलं. दुसऱ्या कुणाचं कशाला द्यायचं?

"म्हाताऱ्या, आज तुझी जीभ म्हणजे आमची तोफ आहे," शेजारच्या खडकाचा अर्सेन त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "सकाळपासून काही तिखट खाल्लं नाहीस ना?"

"नाही."

"शाब्बास. धूळ चार त्यांना."

हॉलमध्ये भिंतीवर बिंगोचा फळा होता. त्याच्याखाली सुनावणी अधिकारी वायकॉफबाई बसल्या. कंपनीचा वकील प्रुइट बर्फाची पेटी घेऊन आला होता. त्याने कागदी ताटलीत दोन उघडलेली कालवं मांडली.

"खिएमसाहेब, यातलं एक पाइपाजवळचं आहे, एक नदीच्या मुखाकडचं. तुमच्या जिभेबद्दल आम्ही फार ऐकलंय. चाखा आणि सांगा. सॉस नको, क्रॅकर नको."

मागच्या रांगेतून दिएप उभी राहिली. ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "चाखायचं काय त्यात? डिझेलचा वास इथपर्यंत येतोय!"

"बाई, तुमचं नाव यादीत नाही," वायकॉफबाई म्हणाल्या.

"नाक आहे ना मला!"

"नाकाची नोंदणी शुक्रवारपर्यंत करायची होती."

"मग तुम्हीच हुंगून बघा."

"मला शिंपल्यांची ॲलर्जी आहे. म्हणून तर मला या कामावर नेमलंय. पक्षपात नको."

खिएमने पहिलं कालव तोंडात टाकलं. थंड, बुळबुळीत, बाकी काही नाही. दुसरंही तसंच. अर्सेनने मूठ आवळली होती. खिएमने रिकामे शिंपले हातात घेऊन पालथे केले, अंगठा फिरवला आणि एक खाली ठेवला.

"हे पाइपाजवळचं."

वकिलाने पेटीतली चिठ्ठी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. वायकॉफबाईंनी टेबलावर पेन आपटलं.

"कशावरून ओळखलंत?" वकिलाने विचारलं.

इथे कुठलाही शहाणा माणूस 'चवीवरून' म्हणाला असता. पण खिएमने शपथ घेतली होती, आणि शिंपला त्याच्या हातात होता. चाळीस वर्षं ज्याने त्याने कालव हातात देऊन 'हे कुठलं?' विचारलं होतं, आणि तो शिंपल्यावर बोट ठेवून दाखवत आला होता.

"ही भोकं बघा. पाणी फार खारट झालं की एक कीड शिंपला पोखरते. नदीच्या मुखाशी गोड पाणी, तिथे शिंपला गुळगुळीत. मुखाशी अशी भोकं मी कधी बघितली नाहीत. एवढं मीठ पाइपातूनच येतं."

"म्हणजे चवीवरून नाही?"

"नाही."

वकील हळूच पुढे सरकला. "तेलाची चव लागली?"

खिएमने मुलीकडे बघितलं. ती 'हो म्हणा' अशी जोरजोरात मान हलवत होती. "नाही," तो म्हणाला.

"वास?"

"नाही. मला दोन वर्षं कशाचीच चव लागत नाही. वासही येत नाही."

"'नाही'च्या पुढचं प्रश्नाच्या उत्तरात येत नाही," वकील म्हणाला. वायकॉफबाईंनी नियम बघितला. येत नव्हतं. त्यांनी ते खोडलं. शिंपल्याच्या भोकांसाठी रकाना नव्हता.

बाहेर अर्सेन गाडीला टेकून उभा होता. त्याने हाताने खिएमला थांबवलं. मग म्हणाला, "मग रोज सकाळी सोळा-सतरा कुठून सांगायचास?"

खिएमने गमबुटातून नळी काढून दिली. अर्सेनने ती डोळ्याला लावून पार्किंगकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?" दिएपने विचारलं.

"तू भात छान करतेस," तो म्हणाला. "वाईट वाटलं असतं तुला."

सहा आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं. दिएपने ते लानच्या फोटोसमोर उभं राहून वाचलं. परवाना पाच वर्षांसाठी दिला होता. कारण असं, की चाळीस वर्षं अनुभव असलेल्या साक्षीदाराला पाइपाजवळच्या कालवात तेलाचा वास किंवा चव आढळली नाही.

"भोकांचं कुठल्या पानावर आहे?" खिएमने विचारलं.

"कुठल्याच नाही."

दुसऱ्या दिवशी तो खांब काढायला गेला. होडी सोडताना सवयीने बोट पाण्यात गेलं आणि तोंडाशी आलं. धक्क्यावरचे सगळे थांबून बघत होते.

"किती, काका?" कुणीतरी विचारलं.

नळी अर्सेनकडेच राहिली होती.

"सोळा," खिएम म्हणाला, आणि सगळे कामाला निघाले.