बादलीतला विषाणू

"निघाला! निघाला!" माइकवरून आवाज घुमला आणि फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल टाळ्यांनी दणाणून गेला.

स्टेजवरच्या बाईने दोन्ही तळवे पांढऱ्याशुभ्र कापडावर दाबून धरले होते. तिने ते उचलले, तर खाली दोन हात उमटलेले, दहाही बोटांसकट, चांगल्या राणी रंगाचे. बाईला रडू फुटलं. पहिल्या रांगेतले एक आजोबा बघण्यासाठी खुर्चीवर चढले. मागच्यांनी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

"बघून घ्या!" दादा म्हणाले. या माणसाला सगळे दादाच म्हणत. "वीस वर्षं लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेला विषाणू. डॉक्टर काय म्हणतो? जन्मभर गोळी खा! अरे, गोळी आहे की बायको, जन्मभर सांभाळायला?"

हशा पिकला. दाराशी उभा असलेला लाँड्रीवाला हसला नाही. त्याची बायको जाऊन दहा महिने झाले होते.

तिसऱ्या रांगेत त्याची मेहुणी बसली होती, मांडीवर रिपोर्टची फाइल आणि मुठीत गोळ्यांचं पाकीट घेऊन. दोघी बहिणींना हा आजार आईकडूनच आलेला. हिपॅटायटिस बी. आता एकच बहीण उरली होती, आणि तीही इथे पहिल्या बैठकीला येऊन बसली होती.

दादांची पद्धत ठरलेली होती. तीन बैठका. दर वेळी आधी बादलीतल्या 'शुद्धजला'त हात बुडवायचे, मग कापडावर दाबायचे. पहिल्या बैठकीत गडद रंग, दुसऱ्या बैठकीत फिका, तिसऱ्यात कापड कोरं. कोरं झालं की रोग गेला. मग गोळ्यांचं पाकीट टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकायचं आणि परत गोळीला शिवायचं नाही. "आम्ही आंधळा विश्वास मागत नाही," दादा म्हणायचे. "रिपोर्ट आणा!" आणि ज्याच्या रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' असं छापलेलं असेल, त्यालाच तिसऱ्या बैठकीला वर बोलवायचे. छापील कागदापुढे कोण काय बोलणार?

लाँड्रीवाल्याच्या बायकोचा रिपोर्टही तसाच होता. दादांकडे येण्याआधी सहा वर्षं तो तसाच होता, कारण बारा वर्षं ती रोज एक गोळी न चुकता घेत होती. पण कंटाळली होती. कापड कोरं निघालं तेव्हा तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "झालं की गं! टाक आता." तिचा हात अडखळला, म्हणून पाकीट त्यानेच बरणीत टाकलं.

चार महिन्यांत तिचे डोळे पिवळे झाले.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्टुलावर बसवून समजावलं होतं. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हा विषाणू लिव्हरच्या पेशींमध्ये शिरून राहतो," त्या म्हणाल्या. "पूर्ण जात नाही. त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात, टी पेशी म्हणतात त्यांना. त्या लिव्हरमध्ये फिरत असतात. कुठल्या पेशीत तो लपलाय ते हुडकतात, ती पेशी मारतात, नाहीतर मारल्याशिवायच आतल्या विषाणूला गप्प करतात. पण वर्षानुवर्षं समोर ढीगभर विषाणू असला की त्याही थकतात. जागेवर असतात, पण मारा कमी पडतो."

"आणि गोळी?"

"गोळी विषाणूला वाढू देत नाही. ढीग कमी झाला की या पेशींवरचा भार हलका होतो. दोघं मिळून त्याला दाबून ठेवतात. 'आढळला नाही' म्हणजे मोजता येण्याइतका उरला नाही. गेला असं नव्हे."

"मग आता काय झालं?"

"गोळी थांबली, विषाणू उसळला. टी पेशी एकदम तुटून पडल्या. पण तो बसलाय लिव्हरच्याच पेशींत. त्या मारता मारता लिव्हरच गेलं."

म्हणजे ज्या पेशी जन्मभर तिला राखत होत्या, त्यांच्याच हातून ती मेली. आणि त्यांना तिच्यावर सोडलं कोणी? हे त्याने विचारलं नाही. उत्तर त्याला माहीत होतं.

दादांनी तिला पहिल्या बैठकीचं कापड दिलं होतं, उशाशी ठेवायला. ती गेल्यावर महिन्याने ते त्याच्या हाती लागलं. रंग कधीच उडून गेला होता. हा बावीस वर्षं हॉस्पिटलची लाँड्री सांभाळणारा माणूस, न धुतलेलं कापड त्याला घरात बघवत नसे. कामावर नेऊन त्याने ते सोड्याच्या टबात टाकलं.

कापड राणी रंगाचं झालं. सगळंच्या सगळं, चारही टोकांपर्यंत.

तो तिथेच ओल्या फरशीवर खाली बसला. कारण तो रंग तो रोज बघत होता. चादरीत सोडा राहिला तर पेशंटची कातडी सोलवटते. म्हणून शेवटच्या पाण्यानंतर प्रत्येक ढिगातल्या एका चादरीवर सोडा तपासायच्या बाटलीतला थेंब टाकायचा. पांढरा राहिला तर चादर पुढे जाऊ द्यायची. राणी रंग आला तर सोडा शिल्लक आहे, पुन्हा खंगाळायची. थेंब बिनरंगी, सोड्याचं पाणी बिनरंगी, दोन्ही भेटले की रंग. दादांनी कापड त्या थेंबांच्या पाण्यात भिजवून वाळवलं होतं आणि बादलीत सोडा घातला होता. दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळी साधं पाणी.

आज ती थेंबांची बाटली त्याच्या खिशात होती.

"या ताई, या," दादांनी मेहुणीला बोलावलं. ती उठली. तिच्याआधी हा स्टेजवर पोचला.

"भावजी? तुम्ही?"

"एक मिनिट थांब गं." तो दादांकडे वळला. "माझे हात लावा कापडावर. पण बादलीत न बुडवता."

"मन स्वच्छ नसेल तर कापड बोलत नाही, भाऊ."

"मनाचं राहू द्या, हात स्वच्छ आहेत. लाँड्रीवाला आहे मी." त्याने कोरडे तळवे कापडावर दाबले. कापड पांढरंच. मग त्याने खिशातली बाटली काढली आणि चार थेंब बादलीत सोडले.

बादली राणी रंगाने भरून गेली.

"बादलीलाही हिपॅटायटिस झालाय का हो, दादा? हिची गोळी कधी बंद करायची?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण हसणारा तो एकटाच.

"नास्तिक दिसतोय," एक बाई म्हणाली. "स्वतःची बायको गेली म्हणून दुसऱ्यांचं बघवत नाही," दुसरं कोणी म्हणालं. तो बोलत राहिला, सोडा, थेंब, चादरी, सगळं दोनदोनदा सांगितलं. काहीजण पुढे येऊन बादलीत बघून गेले. तिघांनी बरणीतून आपापली पाकिटं शोधून घेतली. बाकीचे दादांची वाट बघत बसले. दादा "ध्यानाला" म्हणून मागच्या खोलीत गेले होते, आणि त्या खोलीला जिना होता.

मेहुणी त्याच्याबरोबर खाली उतरली. कोपऱ्यावरच्या नळाशी ती थांबली.

"भावजी, एक विचारू? तुमचं रोजचं काम हे. ताईच्या वेळी तुम्ही तिथेच होतात. तेव्हा कसं नाही कळलं?"

त्याने नळाखाली हात धुतले.

"पहिल्या बैठकीनंतर हॉलमधून उतरताना मी तिचा हात धरला होता," तो म्हणाला. "बुळबुळीत होता. सोड्याचा हात असा बुळबुळीत लागतो, मी झोपेतसुद्धा ओळखीन. मला वाटलं, घाम असेल. घामच असावा असं वाटलं."

मेहुणीने पाकीट फोडलं. एक गोळी तोंडात टाकली, ओंजळीने नळाचं पाणी प्यायली. गोळी गिळली गेली हे त्याने नीट बघितलं.

दादा आता दुसऱ्या कुठल्यातरी हॉलमध्ये बसतात म्हणे. लाँड्रीवाला सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलच्या लिव्हरच्या ओपीडीबाहेर एक बादली, एक बाटली आणि एक कापड घेऊन उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो रंग आणून दाखवतो, आणि मग एवढंच सांगतो: "तुमचा रिपोर्ट चांगला आलाय ना? मग तो कशामुळे आलाय ते विचारा. गोळी थांबवावीशी वाटली, तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांनाच विचारा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्याने आधी हात कशात बुडवायला लावले तेवढं बघा. मी बघितलं नव्हतं. माझ्या हातात हात होता, तरी बघितलं नव्हतं."