मैना अजून इथेच आहे

मी मैना बोलतेय. पिंजऱ्यातली नव्हे, रस्त्यावरची. चार पायांची, एका डोळ्याची, काळ्या रंगाची एक साधी कुत्री.

माझा जन्म उरणजवळ द्रोणागिरीला कंटेनर यार्डच्या भिंतीमागे झाला. आई एका ट्रेलरखाली गेली. भावंडं कुठे पांगली, कळलं नाही. मी यार्डातच राहिले. ड्रायव्हर उरलासुरला भात टाकत आणि त्यावर मी जगत होते. एकदा भुकेने वॉचमनच्या डब्याला तोंड लावलं. त्याने काठी फिरवली आणि माझा डावा डोळा गेला. त्या दिवसापासून लांब दांड्याची कुठलीही वस्तू दिसली की माझं अंग थरथरतं, दात आपोआप बाहेर येतात.

जयमालाताईंनी मला उचलून करंजाड्याला आपल्या घरी आणलं. जखम बरी केली, मैना हे नाव ठेवलं. त्यांच्याकडे माझ्यासारखी आणखी काही कुत्री होती. त्या सगळ्यांना सांगत, "मी फक्त फॉस्टर करते हो, तात्पुरती सांभाळते. हिला कायमचं घर बघतेय." मला त्याचा अर्थ कळत नव्हता. मला वाटायचं, हेच माझं घर.

रविवारी माणसं आम्हाला बघायला येत. चहा घेत, "दाखवा जरा चालवून" म्हणत. एक बाई मला पाहून म्हणाल्या, "फोटोत दोन्ही डोळे वाटत होते." मी पलंगाखाली जाऊन बसे. बाकीची कुत्री शेपट्या हलवत, आणि एकेक जण कुणाच्या तरी गाडीत बसून निघून जाई.

एकदा मलाही नेलं. नंदकुमार आणि नंदिनी नावाचं जोडपं होतं, वाईट नव्हती माणसं. पण नंदिनीने लादी पुसायचा मॉप उचलला आणि मी गुरगुरले. घाबरून सोफ्यावरच मुतले. आठवडाही झाला नसेल, मला परत आणून सोडलं. "सॉरी ताई, आम्हाला नाही जमणार. सोसायटीत पण सगळे बोलायला लागलेत." जयमालाताईंनी मला पोटाशी धरलं.

मग साताऱ्याहून फोन आला. जयमालाताईंच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. ताईंना तिकडेच राहायला जायचं होतं. भावाच्या दोन खोल्यांत कुत्र्याला जागा नव्हती. बाकीच्यांना घरं मिळाली, मी एकटी उरले. सामान बांधताना त्या फोनवर फोन करत. शेवटी रडत एकीला म्हणाल्या, "वैशाली, मग काय करू? परत त्या यार्डात नेऊन सोडू का हिला?"

यार्ड हा शब्द मला कळला. मी भांड्यातलं पाणीसुद्धा प्यायले नाही.

घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी सुनयना आली. तळवलीला राहणारी, नोकरी करणारी मुलगी. सोबत तिचे वडील कोंडिबा, तिचे आबा. मार्केटमध्ये पोती वाहून वाहून त्यांची कंबर गेली होती. हातात काठी होती. ती बघितली आणि मी पलंगाखाली भिंतीला चिकटले. वाटलं, संपलं सगळं.

आबांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मग काठी लेकीच्या हातात दिली. "ही भाईर ठिवून ये गं." आणि भिंतीला धरत, कण्हत, जमिनीवर बसले. मला हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. जयमालाताईंशी पावसापाण्याच्या, गावाकडच्या गप्पा मारत राहिले. बऱ्याच वेळाने मी बाहेर आले आणि त्यांच्या गुडघ्याचा वास घेतला.

"आमी न्हेतो हिला," आबा म्हणाले.

रिक्षा सुटली तेव्हा जयमालाताई गेटपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी तळवली येईपर्यंत रडत होते.

नव्या घरी आबांनी काठी दाराबाहेर ठेवली ती ठेवलीच. घरात भिंत धरून चालत. सुनयना ओरडायची, "आबा, पडाल हो!" ते म्हणत, "तिची भीती मोडंस्तवर असंच." मी मात्र दाराकडे तोंड करून बसायचे, जयमालाताई येतील म्हणून. खात नव्हते.

एका दुपारी सुनयना कामावर होती. आबांनी माझ्यासाठी दुधात भाकरी कुस्करली आणि ताटली घेऊन निघाले. दोन्ही हात गुंतलेले, भिंत धरणार कशी? मोरीपाशी पाय सरकला. ताटलीचा मोठा आवाज झाला आणि मी आधी टेबलाखाली पळाले. हे मी लपवणार नाही. आबा कण्हत होते. मग मी आले, त्यांच्या छातीला टेकून बसले आणि भुंकायला लागले. जीव तोडून भुंकले. शेजारून भिंतीवर धपके बसले. "ए, गप करा त्या कुत्रीला!" दार कुणीच वाजवलं नाही. घसा बसला तरी मी भुंकत राहिले. संध्याकाळी सुनयनाने कुलूप उघडलं, तोवर आबा कण्हायचेही थांबले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं, आबांना हॉस्पिटलात ठेवलं. पुण्याहून सुनयनाचा भाऊ विश्वजित आला.

"हिच्यामुळे पडले आबा. परत पाठव."

"कुणाकडे पाठवू? जयमालाताई गेल्या गावाला."

"मग सोड कुठेतरी. त्या उरणच्या यार्डातलीच आहे ना? जगेल."

सुनयना काही बोलली नाही. हॉस्पिटलच्या जागरणांनी तिच्यात त्राणच उरलं नव्हतं. पण तिचं ते गप्प राहणं मला काठीपेक्षा जोरात लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आबांपाशी होती. विश्वजितने मला गाडीत घातलं. उरणच्या रस्त्याला लागलो, ट्रेलर दिसायला लागले. डिझेलचा आणि खाडीचा तो वास आला. ओळखीचा. एका लांबलचक भिंतीपाशी त्याने गाडी थांबवून मागचं दार उघडलं.

"चल, उतर."

मी सीटमध्ये नखं रुतवली. त्याने पट्टा ओढला, माझा श्वास कोंडला, तरी सोडलं नाही. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं. "उतर ना गं बाई," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आबांचा खोल गेलेला आवाज मला ऐकू आला.

"इश्वा, येताना चष्मा आन माझा. आन मैनेला भाकरी घातलीस का? परवापास्नं उपाशी आसंल. माझ्या हातचीच खायला शिकत हुती रं."

विश्वजितने हातातला पट्टा सोडला.

"घालतो, आबा," तो म्हणाला. त्याने दार लावलं आणि गाडी वळवली. घरी येईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. पण ताटलीत भाकरी कुस्करून माझ्यासमोर बसला, मी संपवीपर्यंत.

आता आबा घरी आहेत. उठवत नाही त्यांना. मी त्यांच्या पलंगाखाली असते. खाली गाडी थांबली की अजून माझी नखं लादीवर घसरतात. तेव्हा वरून त्यांचा हात खाली येतो. "मैने, आता कुटं न्हाई जायाचं." ते रोज सांगतात, आणि मला ते रोज ऐकावं लागतं.

तुम्हीही कधी कुणाला घरी आणलंत, तर हे एकदाच सांगून थांबू नका.