धाकूच्या नावावरचा श्वास

मित्रांनो, लोकांचे श्वास मोजून म्हातारा झालेला मी एक स्पायरोमीटर आहे. कामगार मला फुंकणी म्हणतात. मला राग नाही. चुलीजवळची फुंकणी निदान कुणाचा तरी भात शिजवते.

माझं काम सोपं. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, त्यानं छातीभर श्वास घ्यायचा आणि माझ्या नळीत जीव खाऊन सोडायचा. फुप्फुसांतून किती हवा निघाली, ते मी लिटरमध्ये सांगतो.

माझी उमेदीची वर्षं ठाण्याला, वर्तकनगरातल्या एका दवाखान्यात गेली. तिथे माझ्यावर क्रोशाचा रुमाल असे. काही पेशंट तर मला नमस्कार करत. मग नवं यंत्र आलं आणि मी आरोग्य तपासणी कॅम्पच्या बॅगेत गेलो. तेव्हापासून वर्षातून एकदा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मला नेतात.

तिथे धाकू भेटला. चाळिशीचा गडी, पावडर खात्यात गोण्या फोडणारा. पहिल्याच वर्षी त्याची फुंकर अर्ध्यावर खोकल्यात अडकली.

"काका, असा रिपोर्ट गेला तर घरी बसवतील हां," तपासणारी दीप्ती म्हणाली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तिला आपलं वाटलं.

धाकूच्या मागे त्याचा सोबती गोविंदा उभा होता. आरतीला एका दमात शंख वाजवणारा. "सरक," तो म्हणाला, "तुझ्या नावानं मी फुंकतो. देवासाठी फुंकतो, तुझ्यासाठी फुंकायला काय जातंय?"

जेवणाच्या सुट्टीआधी ऐंशी माणसं उरकायची होती. दीप्तीनं नाव धाकूचं ठेवलं. मी सव्वाचार लिटर सांगितले. आकडा अचूक होता. फुंकर कुणाची, हे मला कोणी विचारत नाही.

चार वर्षं हेच चाललं. कागदावर धाकूची तब्येत सुधारत गेली.

यंदा मात्र त्याला कॅन्टीनचा जिना चढवेना. बायको, रखमाबाई, हटून बसली, "पावडर सोडा. गेटवर बसवा म्हणावं." धाकूनं भीत भीत सेफ्टीच्या सलिल साहेबांना विचारलं.

"अरे, रिपोर्ट खराब आला की गेटवरच घेतो आपण," साहेब म्हणाले. "नियमच आहे. सहा वर्षं झाली."

तो नियम भिंतीवर कुठे लिहिलाय का, ते धाकू शोधू लागला.

यंदा त्यानं स्वतः फुंकलं. तीनदा. मी सांगितलं, सव्वा लिटर.

साहेबांनी जुने कागद काढले. "गेल्या वर्षी सव्वाचार, यंदा सव्वा? गेटची खुर्ची पाहिजे म्हणून हळू फुंकतोयस काय रे?"

"नाही साहेब. जोर लावलेला."

"मग तीन लिटर गेले कुठे?"

खरं सांगावं, तर गोविंदाची नोकरी जाणार आणि दीप्तीचीही. दीप्ती माझी वायर गुंडाळू लागली. गोविंदा वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

धाकूनं दोघांकडे पाहिलं.

"हळूच फुंकलो साहेब," तो म्हणाला. "चुकलं."

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'प्रयत्न अपुरा'. धाकूनं तोंडाला मास्क बांधला आणि तो पावडर खात्याकडे निघाला. वीस पावलांचं अंगण. तो दोनदा थांबला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा. माझं तसं काही नाही. माझ्या नळीशी याल तेव्हा आपापला श्वास घेऊन या. तोकडा असला तरी आपलाच. आणि मायेपोटी दुसऱ्यासाठी फुंकायला कुणी पुढे आलं, तर त्याचा हात धरून त्याला थांबवा.

धाकूची पुढची तपासणी वर्षानं आहे. तोवर त्याला सव्वा लिटरवर गोण्या फोडायच्या आहेत.