चार नंबरच्या केबिनचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, नेट कॅफेचा. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर माणसांना एकमेकांपासून लपवायचं काम केल्यावर दुसरं काय होणार?

माझा जन्म इचलकरंजीचा, यंत्रमागावरचा. मी खरं तर पँटीचं कापड होणार होतो. पण विणताना धागा तुटला, अंगावर एक उभी विरळ रेघ राहिली आणि डाग माल म्हणून मला बाजूला टाकलं. तिथून बाळासोने मला कोल्हापुरात, राजारामपुरीत आणलं. त्याने नुकताच नेट कॅफे काढला होता. लाकडी फळ्यांच्या केबिनी, आणि चार नंबरच्या तोंडाशी तारेवर मी.

"पडदा झकास हाय, आतलं काय दिसत न्हाय," असं गिऱ्हाईक म्हणे, तेव्हा मी फुलून जायचो. मग आत काय चालतं ते मी वाचायला लागलो आणि माझी झोपच उडाली. टक्कल पडलेले गृहस्थ स्वतःला कॉलेजकुमार म्हणवत. ते ज्या 'पिंकी'ला गुलाबाची चित्रं पाठवत, ती कधीकधी शेजारच्याच केबिनमध्ये मिशीला पीळ देत बसलेली असे. तेव्हापासून तारेतून आलेल्या गोड शब्दाला मी कधी भुललो नाही.

दोन हजार पाचच्या सुमारास सौंदर्या यायला लागली. गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरची सून, पदरात काही महिन्यांची मुलगी. कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, असं घरी सांगायची. आत आली की मला टोकापर्यंत ओढून घ्यायची आणि पुण्याच्या कुणा वासंतीताईंना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. त्या समुपदेशक होत्या, म्हणजे मनाचं दुखणं ऐकून घेऊन वाट काढायला मदत करणाऱ्या. 'पोरीचं बारसं झालं, घरात सगळे खूश आहेत,' सौंदर्याने लिहिलं होतं. 'मला मात्र तिला उचलून घ्यावंसंच वाटत नाही. हे कुणाला सांगू? इथे निदान माझं तोंड दिसत नाही.'

वाचून मला फार वाईट वाटलं. आणि संशयही आला. ही बाई कशावरून बाई? कशावरून शिकलेली? या पोरीने सगळं मन मोकळं करायचं आणि तिकडे ते कोण वाचत बसणार?

पण घात तिकडून झाला नाही, इकडून झाला. बाळासो मनाने चांगला, पण आवाज तालमीतला. दळण न्यायला आलेली सौंदर्याची सासू शांतव्वा त्याला गिरणीत दिसली. तो काळजीपोटीच म्हणाला, पण चार बायांच्या देखत, "आक्का, वैनी क्लासला जाईत न्हाईत. माझ्याकडं येत्यात आन पडदा लावून रडत बसत्यात. जरा बघा की."

त्या बायांनी समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी शांतव्वा नातीला काखेत घेऊन कॅफेत शिरली आणि मला असं ओढलं, की माझ्या दोन कड्या तुटल्या.

"कोण हाय त्यो?"

"त्यो न्हाय, अत्ती. बाई हाय," सौंदर्या म्हणाली. त्यांच्या घरच्या कानडीत सासूला अत्ती म्हणतात.

"मग वाच. समदं वाच."

सौंदर्याचा हात माउसवर होता. बोट दाबलं असतं, की सगळं गायब झालं असतं. ती तेच करणार, असं मला वाटलं. पण तिने वाचलं. पोरीला घ्यावंसं वाटत नाही, तेही वाचलं.

शांतव्वाचा विश्वास काही बसला नाही. तिने स्टूल ओढलं आणि सोयरीक घेऊन आलेल्या पावण्यांची चौकशी करावी तशी सुरू झाली. "लिही. गाव कंचं तुमचं? शिकलाय कुठं? तुमच्या हातनं बरी झाल्याली एक तरी बाई दावा."

सौंदर्या लिहीत राहिली. वासंतीताई रागावल्या नाहीत. कुठे शिकल्या, कुठल्या संस्थेत काम करतात, तिथला फोन, सगळं त्यांनी दिलं. बऱ्या झालेल्या बाईचं नाव मात्र दिलं नाही. 'सौंदर्याचं नाव मी कुणाला सांगणार नाही, तसंच त्यांचंही नाही.' शांतव्वाने मान डोलावली. कुरकुरत का होईना, मलाही ते पटलं.

"आता ह्ये लिही. हिनं जिवाचं काय बरंवाईट केलं, तर तुमी तिथनं काय करणार?"

उत्तर आलं. 'इथून मी तिचा हात धरू शकत नाही. म्हणून घरचं एक माणूस हवं, असं तिला सांगत होते. सौंदर्या, तसे विचार येतात का, हे मी मघाशी विचारलं. तू उत्तर टाळलंस. येत असतील तर आजच तिथल्या डॉक्टरांना समोर बसून भेट. माझ्याशी नुसतं लिहून भागणार नाही.'

सौंदर्याने हेही मोठ्याने वाचलं.

"येत्यात व्हय गं तसं मनात?" शांतव्वाने विचारलं. या कॅफेत इतकं हळू कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"येत्यात, अत्ती."

शांतव्वाने नातीला सावरलं, दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट धरलं आणि तिला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

उपचार सुरू झाले. काही आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारूनच, सौंदर्या पुन्हा चार नंबरात बसायला लागली. आता शांतव्वा बाहेर नातीला मांडीवर घेऊन बसे. कुणी जवळ आलं की म्हणे, "पावणं, तिकडं बसा. आत माणूस हाय." एका दुपारी मला बाजूला सारून आतून हात आला.

"अत्ती, तिला जरा आत द्या की."

"का गं? काय झालं?"

"काय न्हाय. घ्यावं वाटलं."

पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि कॅफे बंद पडला. आता बाळासो मला मोटारसायकल झाकायला टाकतो. कित्येक वर्षांत त्याने मला धुतलेलं नाही, भेटला तर जरा सांगा. आणि मित्रांनो, पलीकडे कोण आहे याचा संशय जरूर घ्या, पण तो तोंडावर विचारा. खरं माणूस विचारल्यावर चिडत नाही. शांतव्वा आपला संशय मनात धरून घरी बसली असती, तर माझ्याआड एक बाई काय सोसते आहे, हे त्या घराला फार उशिरा कळलं असतं.