पाकिटाची मागची बाजू

नायगावच्या बीडीडी चाळीत त्या रविवारी सकाळी एवढी गर्दी होती, की मला वाटलं समितीची सभा आहे. दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत टेबल मांडलं होतं. समितीचाच कर्णा बांबूला बांधला होता आणि मागच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही चुन्यानं रंगवलेली अक्षरं होती. पण टेबलावर पुढारी नव्हता. हार घातलेला एक फोटो होता. फोटोत कोट-टाय घातलेले एक गृहस्थ विमानाच्या शिडीशी उभे होते आणि शेजारी जरीकाठी साडीतली त्यांची बायको.

हे प्रोफेसर मनमोहन आणि सौ. यशोदादेवी, राहणार गिरगाव. कुठल्या कॉलेजात प्रोफेसर, ते कुणी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी हे जोडपं 'आत्मकिरणांच्या', म्हणजे दुरून किरण सोडून आजार बरे करण्याच्या, प्रचारासाठी आफ्रिकेला गेलं होतं. नैरोबी, मोंबासा, कंपाला अशा गावी तिथल्या आपल्या लोकांपुढे व्याख्यानं द्यायची आणि जमेल तसा देश बघायचा, असा बेत. इकडचा कारभार यशोदादेवींचा भाऊ हेरंब बघत होता. कर्ण्यापुढे उभा राहून तो आलेलं पत्र वाचत होता.

"'काल आम्ही उभयतांनी मोटारीतून सिंह पाहिले. यशोदादेवींच्या डोळ्यांतला किरण लागताच सिंहाने मान खाली घातली.'" हेरंबनं मान वर करून गर्दीकडे पाहिलं. "सिंह, बरं का मंडळी! सर्कशीतला नव्हे!"

बायका तोंडात बोट घालून ऐकत होत्या. पुढच्या रांगेत बसलेले बाबुराव, गिरणीतले निवृत्त जॉबर, डोळे पुसत होते. सिंहानं मान खाली घातली म्हणून मुंबईत रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी तिथे पत्र ऐकायला गेलो नव्हतो. माझी धाकटी बहीण कांता त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिला क्षय झाला होता. दवाखान्यात स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया चालू होत्या आणि जानेवारीत तिच्या गालांवर मांसही धरू लागलं होतं. मला पंधरा दिवस यायला जमलं नव्हतं, म्हणून तिला बघायला आलो होतो.

खोलीत शिरलो तर कांता भिंतीला टेकून बसलेली. गालांची हाडं वर आलेली. नुसतं "दादा, बस" म्हणायला तिला दोनदा दम घ्यावा लागला.

"सुया घेतेस ना?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भिवादाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद केल्यात. पंधरा दिवस झाले."

"कोणी सांगितलं? डॉक्टरनं?"

"प्रोफेसरांनी."

"ते तर आफ्रिकेत आहेत!"

"तिथनंच सांगितलं," दाजी म्हणाले आणि फळीवरच्या तसबिरीमागून त्यांनी एक पाकीट काढलं.

तसबीर बाबासाहेबांची होती. माझं डोकं तिथेच फिरलं. दीड वर्षापूर्वी आम्ही सगळे नागपूरला गेलो होतो. लाखोंच्या गर्दीत उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव काढले, अंगारेधुपारे बंद केले. आता एखादा देवऋषी लिंबू घेऊन चाळीत आला असता, तर ह्याच दाजींनी त्याला जिन्यावरून ढकलून दिलं असतं. पण हा माणूस टाय लावतो, इंग्रजी बोलतो, विमानात बसतो, देवाचं नाव घेत नाही, 'किरण' म्हणतो. म्हणून हा देवऋषी नाही असं आमच्या शिकू लागलेल्या, हुशार माणसांना वाटलं. लिंबाच्या जागी विमान आलं, तेवढाच काय तो फरक. आम्ही फसलो ते अडाणी म्हणून नाही, नव्या वेशातला जुना चोर आम्हाला ओळखू आला नाही म्हणून.

"वाच तूच," दाजी म्हणाले. "तारीख बघ आधी."

पाकिटावर नैरोबीचा शिक्का होता, चार फेब्रुवारीचा. आत लिहिलं होतं: 'भगिनी कांताबाई, चौदा तारखेस तुमच्या मुखावाटे रक्त येईल. ते सुईच्या विषाने येईल. सुई तत्काळ थांबवा. आम्ही किलिमांजारोच्या हिमशिखरासमोर उभे राहून तुमच्या छातीकडे किरण सोडीत आहोत. घरातलाच एक माणूस विरोध करील. त्यास क्षमा करा.'

"चौदालाच रक्त पडलं, दादा," कांता म्हणाली. "बाहेर गॅलरीत. सगळ्यांनी बघितलं. चार तारखेला तिकडं टाकलेलं पत्र. त्यांना कसं कळलं असेल, सांग?"

"आणि विरोध करणारा पण आला बघ वेळेवर," दाजी म्हणाले.

मी संतापानं नुसता बसलो होतो. हात मात्र आपलं रोजचं काम करत होते. मी टपालखात्यात आहे, चौदा वर्षं घोडपदेवात पत्रं वाटतो. पोस्टमनला एक खोड असते, पाकीट हातात आलं की उलटून मागचा शिक्का बघायचा. पत्र जिथून निघतं तिथला शिक्का पुढे बसतो. ज्या कचेरीतून ते वाटायला निघतं, तिथला शिक्का मागे बसतो.

मी पाकीट उलटलं. मागे गिरगावचा शिक्का होता, अकरा फेब्रुवारीचा.

नायगावचं टपाल दादरच्या कचेरीतून वाटलं जातं. एखादं पत्र चुकून भलत्या कचेरीत जातं, नाही असं नाही. पण मग ते बरोबर कचेरीत आलं की तिथला दुसरा शिक्का बसतो. इथे दुसरा शिक्काच नव्हता. म्हणजे हे पाकीट गिरगावात वाटलं गेलं आणि दादरच्या कचेरीत कधी आलंच नाही.

"दाजी, हे पत्र आणलं कोणी?"

"पोस्टमननं. दुसरं कोण आणणार? सोमवारी, सतरा तारखेला, दाराखाली पडलेलं होतं."

"पोस्टमनला पाहिलंत?"

"नाही. पत्र तेवढं पाहिलं."

"आज सुई घ्यायला चल," मी कांताला म्हणालो.

"माझ्या खोलीत तुझा हुकूम नको, सीताराम," दाजी उसळून म्हणाले. "दोन महिने सुया टोचल्या. तरी रक्त पडलंच ना? तुझा शिक्का मला काय करायचा? नुसता पाठीवरचा डाग तो!"

कांता आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. ती म्हणाली, "दादा, मला मरायचं नाहीये. म्हणूनच ऐकते मी त्यांचं."

शिक्क्यांचं व्याख्यान देऊन इथे काही होणार नव्हतं. ह्यांना चमत्कार पटला होता, तर चमत्कारच दाखवायला हवा होता. जाता जाता आणखी चार घरांत डोकावलो. ज्यांना ज्यांना पत्रं आली होती, त्यांची पाकिटं उलटून बघितली. चारही पाकिटांवर मागे गिरगाव.

माझा मित्र रघु आगगाडीच्या टपालडब्यात पत्रं लावायचं काम करतो. सोमवारी तो पुण्याला चालला होता. मी त्याच्याजवळ एक रिकामं पाकीट दिलं आणि काय करायचं ते सांगितलं. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज पत्रं वाटताना मनात एकच हिशेब, आज आणखी एक सुई चुकली.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच गर्दी, तोच कर्णा, तोच हार. हेरंब वाचू लागला, "'आज व्हिक्टोरिया सरोवरात नौकाविहार केला. पाणघोड्यांनी...'"

"हेरंबराव," मी पुढे होऊन म्हणालो, "पाणघोडे जरा थांबू द्या. माझ्याकडेही एक पत्र आलंय. पुण्याच्या एका महात्म्याचं."

लोक हसले. हेरंबही हसला. बाबुराव म्हणाले, "वाच रे वाच, काय आहे ते कळू दे."

"मी नाही. दाजी, तुम्ही या. पाकिटावर तुमचं नाव आहे. शिक्का कधीचा?"

भिवादाजींनी नाखुशीनंच पाकीट घेतलं. "पुणे. तीन मार्च."

"आज नऊ. फोडा आणि मोठ्यानं वाचा."

दाजी वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बदलत गेला. "'शुक्रवारी, सात तारखेला, चाळीच्या नळाला पाणी येणार नाही. सकाळी बाबुराव जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून घसरतील. डावा गुडघा सोलवटेल.'"

बाबुरावांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. पट्टी होतीच. गर्दीत असा गलका उठला, की कर्ण्याची गरज उरली नाही. एका म्हातारीनं चक्क माझ्या पायाला हात लावला. मला शरम वाटली आणि रागही आला. किती थोड्या भांडवलावर महात्मा होता येतं!

"उठा मावशी," मी म्हणालो. "मी महात्मा नाही, चोर आहे. चोरी कशी केली ते सांगतो. हे पाकीट सोमवारी पुण्याला पेटीत पडलं तेव्हा रिकामं होतं. झाकण चिकटवलेलं नव्हतं, नुसतं आत खोचलेलं. वर शिसपेनीनं माझंच नाव, माझाच पत्ता. बुधवारी ते मला मिळालं. मी शिसपेन रबरानं खोडली, शाईनं दाजींचं नाव घातलं आणि वाट बघत बसलो. काल बहिणीची खबर घ्यायला आलो तेव्हा तिनं नळाचं नि गुडघ्याचं सांगितलं. ते घरी जाऊन लिहिलं, आत घातलं आणि खळ लावली. शिक्का सोमवारचा आणि मजकूर शनिवारचा!"

म्हातारीनं हात मागे घेतला.

"आता पाकीट उलटा, दाजी. मागे कुठला शिक्का?"

"माझगाव."

"माझं टपाल माझगावच्या कचेरीतून येतं. पाकीट कोणाकडे आलं होतं, ते मागचा शिक्का सांगतो. आता तुमच्या घरातली नैरोबीची पाकिटं आणा आणि उलटा."

माणसं धावली. कोणी पेटीतून, कोणी गादीखालून पाकिटं आणली. "गिरगाव!" एक म्हणाला. "माझ्यावर पण गिरगाव!" दुसरा म्हणाला. हेरंबनं फोटो काखोटीला मारला होता.

"अहो, पत्रं आमच्या केंद्रातर्फे येतात," तो घाईनं म्हणाला. "मीच आणून देतो. सेवा म्हणून!"

"मग दाराखाली का सरकवता? हातात का देत नाही? आणि नैरोबीहून दादरला येणारं पत्र गिरगावात उतरतं कशाला? चौपाटी बघायला?" दाजींनी वरून आणलेलं कांताचं पाकीट मी टेबलावर ठेवलं आणि शिसपेन आडवी धरून पत्त्यावरून हलके घासली. खोडलेल्या अक्षरांचे खोल वळ काळ्यात पांढरे उमटू लागले. शाईतल्या 'कांताबाई'खाली दुसरं नाव दिसायला लागलं. "बाबुराव, तुमचे डोळे अजून चांगले आहेत. वाचा."

बाबुरावांनी पाकीट उन्हात धरलं. "हे... रं... ब," ते म्हणाले. मग त्यांनी पाकीट खाली ठेवलं आणि ओरडले, "अरे, दर गुरुवारी माझ्या खोलीत बसून सगळ्या चाळीची खबर काढायचास ना तू? कांताला रक्त पडलं ते मीच सांगितलं तुला! मीच!"

दोघातिघांनी हेरंबची कॉलर धरली. तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला. कांता गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. सगळे वर बघायला लागले.

"सोडा त्याला," ती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "ती यशोदाबाई चार वेळा आली माझ्याकडं. चार वेळा चहा टाकला. दर वेळी म्हणाली, उपवास आहे. सोमवारी उपवास, बुधवारी उपवास. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. जिला आमचा कप चालत नाही, तिला आमचा आजार बरा चालला!"

हेरंब अंग चोरून निघून गेला. त्याला कोणी चोप दिला नाही, ह्याचा मला आजही थोडा पस्तावा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वतः कांताला टॅक्सीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि बराच वेळ उजेडाशी धरून पाहिला. ते चिडून म्हणाले, "रक्त पडतं कधी कधी ह्या रोगात. ते सुईनं नाही, आजारानं पडतं. सुई चालू असती तर थांबलं असतं. तीन आठवडे जंतूंना मोकळं रान दिलंत. आता सगळं पहिल्यापासून. आणि डावं फुफ्फुस पूर्वीसारखं होणार नाही, हे आत्ताच सांगतो."

दाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चूक त्यांची होती, पण पाप त्यांचं नव्हतं.

एप्रिलमध्ये जोडपं बोटीनं परत आलं. गिरगावात त्यांचा सत्कार झाला. सिंहाच्या गोष्टी सांगून झाल्या असतील. पोलिसांकडे आम्ही पाकिटं घेऊन गेलो होतो. तिथे आम्हाला सांगण्यात आलं, की पत्र लिहिणं हा गुन्हा नाही. कांतानं मग त्यांना एक पत्र पाठवलं. रीतसर तिकीट लावून, पत्ता शाईनं लिहून. ते मीच पेटीत टाकलं. आत एकच ओळ होती: 'चहाला या. कप आमचाच असेल.'

उत्तर आलं नाही.

कांता आहे. जिने चढताना दोनदा थांबते. एका फुफ्फुसावर दोन लेकरं वाढवते आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आणि हात जोडतानाही माझा राग गेलेला नाही. कोणी टाय लावून येवो, कोणी कफनी घालून, कोणी विमानातून उतरो. त्यानं दाखवलेली बाजू बघून भुलू नका. हे कोणी आणलं, कधी लिहिलं, पहिल्यांदा कोणाच्या हातात पडलं, एवढं विचारा. आणि ज्या दिवशी कोणी म्हणेल की औषध बंद करा, त्या दिवशी आधी रुग्णाला दवाखान्यात न्या. पाकीट नंतर सावकाश उलटून बघा.