दगड ठेवायचे, पीठ टाकायचं

मित्रांनो, मी एक जुना घाश्या आहे. घाश्या म्हणजे दगड घासून गुळगुळीत करायचं यंत्र. एवढं मला नक्की माहीत आहे; बाकी माझ्या आयुष्याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

कारखान्यात मला एक मोटर मिळाली, दोन रूळ मिळाले, रूळ फिरवणारा पट्टा मिळाला आणि वर आडवा निजलेला रबरी डबा मिळाला. एका मावशीने मला घरी आणून धुण्याच्या जागेत बादलीशेजारी बसवलं. डब्यात ती गारगोट्या, पाणी आणि दगड झिजवणारी भरड पूड घालायची आणि मी दिवसचे दिवस गरगरायचो. मग सगळं स्वच्छ धुऊन बारीक पूड, की पुन्हा गरगर. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू तणतणत वर आल्या.

"अगं, रात्रंदिवस दळतेस तरी काय?"

"दगड."

"आणि पिठाचं काय करतेस?"

"ते टाकून देते. दगड ठेवते."

काकूंनी कपाळाला हात लावला. खरं सांगतो, मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही नीट कळलेलं नाही. पण चकचकीत गारगोट्या पाहून पाहुणे माझं कौतुक करत, तेव्हा मी आपला खूश व्हायचो.

मावशी शिस्तीची. नळी तुंबेल म्हणून डब्यातला चिखल कधी मोरीत ओतायची नाही. रुळांच्या टोकांना आठवणीने तेल द्यायची. कठीण दगडांत मऊ दगड तर चुकूनही घालायची नाही. फक्त पट्टा बदलायचं तेवढं उद्यावर ढकलायची. तो कुरकुरायचा, मीही कुरकुरायचो. पण ऐकतो कोण?

तिच्याकडे राहणाऱ्या भाचीला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीचे बाबा लांब एका पुलाच्या कामावर होते. तिथून त्यांनी तिला पाटीवरच्या पेन्सिलीसारखा मऊ, पांढरा दगड पाठवला होता आणि त्यावर खिळ्याने चिमणी कोरली होती. ती चिमणी उशाशी घेतल्याशिवाय भिंगरीला झोप यायची नाही. बाबा घरी येणार असं कळलं, तेव्हा तिला वाटलं, एखादी रात्र चिमणीशिवाय काढावी, पण ती चकचकीत करून त्यांना दाखवावी. मावशी कामावर गेल्यावर तिने मला थांबवलं, चिमणी गारगोट्यांत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि मला पुन्हा सुरू केलं.

मी गोंधळलो. गारगोट्या खडखड वाजतात. ही मात्र गप्प होती. दिवस गेला, रात्र गेली, तशी ती मला हलकी हलकी लागू लागली. मी चांगलं करतोय की वाईट, काही कळेना. थांबव गं मला, असं ओरडावंसं वाटलं. पण घाश्याला घरघरीपलीकडे भाषा नसते. मला फार भीती वाटली. आणि सकाळी पट्टा तुटला.

"नेमका आजच बसलास का रे?" म्हणत मावशीने डबा उघडला. मग ती थबकली. "गारगोट्यांचा चिखल असा दुधासारखा कसा?"

भिंगरी डब्यापाशी धावली. "मावशी, आत माझी चिमणी आहे."

मावशी रागावली नाही. चिखल चाचपत तिने दगड शोधला. चोच, पंख, शेपूट, सगळं गेलं होतं. उरला होता एक छोटा लांबट गोळा. भिंगरी हुंदके देऊन रडली आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

संध्याकाळी बाबा आले. तिने त्यांच्यापुढे मूठ उघडली. "बाबा, मी बिघडवली."

बाबांनी गोळा बराच वेळ बोटांत फिरवला. "बिघडली कुठे? चिमणी परत अंड्यात गेलीय. आता नीट सांभाळ हं."

भिंगरी रडता रडता हसली. मावशीने मला नवा पट्टा घातला.

मित्रांनो, आता मी तुम्हाला काहीतरी शिकवण द्यायला हवी. यंत्राची निगा राखा, पट्टा वेळेवर बदला, असं सांगणार होतो. पण पट्टा वेळेवर बदलला असता, तर अंडंही उरलं नसतं. मग सांगू तरी काय? मी पुरता चक्रावलोय. एवढंच मागतो: माझ्या डब्यात काही टाकण्याआधी ते जरा हातात धरून बघा. मला हात नाहीत.